एकच प्रयोग, तीन मांडव

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

मसुदा वाचला. मराठी वाक्य वाचताना वाचक कुठल्या शब्दाशी रेंगाळतो आणि भाषा-मॉडेलला तोच शब्द किती अनपेक्षित वाटतो, याचा मेळ घालायची कल्पना भक्कम आहे. पण ‘पाठवू कुठे?’ हे तू सगळं लिहून झाल्यावर विचारतोयस. ते आधी ठरव. भाषाशास्त्र, बोधविज्ञान आणि संगणकीय भाषाविज्ञान, एकच मजकूर या तिन्हीकडे चालत नाही.

११ सप्टेंबर १९५६ला एमआयटीतल्या परिसंवादात भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीनं भाषेच्या वर्णनाची तीन मॉडेलं मांडली, आणि त्याच दिवशी न्यूएल आणि सायमन यांनी तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा आपला प्रोग्राम. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर बोधविज्ञानाचा, म्हणजे मन कसं चालतं याच्या शास्त्राचा, जन्म त्या दिवसापासून धरत. तेव्हा एका छताखाली बसलेली मंडळी आता वेगवेगळ्या मांडवांत बसतात, आणि प्रत्येक मांडवातला रिव्ह्यूअर वेगळ्याच जागी बोट ठेवतो.

भाषाशास्त्राच्या परिषदेत बहुधा फक्त गोषवारा मागतात, एखाद-दुसऱ्या पानाचा. तिथे उदाहरणं आधी पाहिली जातात. प्रत्येक उदाहरणाला उदाहरणं मांडायच्या लायपझिगच्या नियमांप्रमाणे ओळी हव्यात: मूळ वाक्य, रूपिमा (शब्दाचे अर्थपूर्ण तुकडे) तोडून त्याखाली अर्थ, आणि भाषांतर. तू ‘रामाने’ला नुसतं ‘राम’ म्हणून सोडलं आहेस. कर्त्याचा ‘ने’ दाखवला नाही तर तुझा अर्धा मुद्दाच दिसत नाही.

कॉगसायसारख्या बोधविज्ञानाच्या परिषदेत पूर्ण पेपर सहा पानांचा असतो, आणि नजर आकडेवारीवर. तू फक्त वाचकांना यादृच्छिक घटक, म्हणजे मोठ्या समूहातला नमुना, धरलं आहेस. वाक्यंही नमुनाच असतात. हा आक्षेप क्लार्कनं १९७३मध्येच घेतला होता, आणि आजही त्यावर पेपर परत येतात. मिश्र प्रारूपात, म्हणजे असे घटक हिशेबात घेणाऱ्या सांख्यिकी समीकरणात, वाचक आणि वाक्य दोन्ही घाल. एका वाचकानं एक वाक्य प्रयोगातल्या एकाच अवस्थेत (त्याच्या एकाच रूपात) पाहिलं होतं, हे स्पष्ट लिही. १०० मिलिसेकंदांखालचे वेळ गाळलेस, ठीक, पण ती मर्यादा विदा पाहण्याआधी ठरवली होती का? नसेल तर मर्यादा बदलून निष्कर्ष टिकतो का ते दाखव. आणि वाचकाचा अडखळा अनेकदा पुढच्या शब्दावर सांडतो, म्हणून आधीच्या शब्दाची लांबी, वारंवारता आणि सरप्रायझल (मॉडेलला शब्द किती अनपेक्षित वाटतो त्याचं माप) हेही समीकरणात हवेत.

एसीएल या संगणकीय भाषाविज्ञानाच्या संघटनेच्या परिषदांत मोठा पेपर आठ पानांचा, छोटा चार. संदर्भ आणि कामाच्या मर्यादा सांगणारा विभाग त्यात धरत नाहीत, पण मर्यादांचा विभाग नसेल तर पेपर रिव्ह्यूअरपर्यंत न पोचताच परत. तिथे विचारतात ते वेगळंच: कोणतं मॉडेल, कोणती आवृत्ती, किती मॉडेलांवर पडताळलं, कोड कुठे आहे. माझं मत विचारशील तर तुझ्या कामाला एसीएलच्याच छत्राखाली भरणारी बोधात्मक मॉडेलिंगची कार्यशाळा, सीएमसीएल, सगळ्यात जवळची. तिथल्या रिव्ह्यूअरला वाचनवेळही कळतो आणि मॉडेलही. मुख्य परिषदेची प्रतिष्ठा तिला नाही, पण अडाणी शेरे कमी मिळतात.

कुठेही पाठवलंस तरी एक गोष्ट दुरुस्त करावीच लागेल: शब्दांची लांबी. तुझ्या कोडमध्ये ती युनिकोड चिन्हांत मोजली आहे. ‘स्त्री’ डोळ्यांना एकच अक्षर, पण कोडला ती सहा चिन्हं आणि यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत १८ बाइट. म्हणजे जोडाक्षर आलं की शब्द फुकट लांब ठरतो. अक्षरसंख्या मोज, किंवा स्क्रीनवरची रुंदी. त्याहून लपलेला घोटाळा ‘दऱ्या’चा. तो दोन पद्धतींनी टाइप होतो: एकदा ‘ऱ’ घेऊन, एकदा साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. दिसायला दोन्ही सारखे. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण त्यांना एक करत नाही, आणि साफसफाईच्या कोडनं तो अदृश्य जोडक उडवला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. मग मॉडेल भलत्याच शब्दाचं सरप्रायझल देतं. आधी सगळी विदा एका पद्धतीत आण, नंतरच मोज.

मॉडेल शब्दाचे तुकडे पाडतं, त्यांचं सरप्रायझल बेरजेनं घ्यायचं. सरासरी नाही, तू सरासरी घेतली आहेस. संभाव्यता १/८ असेल तर ३ बिट, आणि तुकड्यांच्या संभाव्यतांचा गुणाकार म्हणजे बिटांची बेरीज. सरासरी घेतलीस तर जास्त तुकडे पडणारा शब्द उगाच सोपा ठरतो.

बाकी किरकोळ, पण जीवघेणं. पीडीएफमधली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपास. झीलाटेक्स या मजकूर जुळवायच्या प्रणालीत फॉन्टला देवनागरी लिपी सांगितली नाही तर जोडाक्षरं फुटतात. परीक्षण दुहेरी अनामिक (लेखक आणि रिव्ह्यूअर एकमेकांना अज्ञात) असेल तिथे आभार काढ, कोडची लिंक निनावी ठेव आणि फाइलच्या गुणधर्मांत नाव राहिलं नाही ना, ते बघ. डेडलाइनपुढे ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ असेल तर घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या १२ तास मागचं. त्याच्या भरवशावर शेवटच्या तासासाठी थांबू नकोस, सर्व्हर तेव्हाच रांगतो.

शेरे आले की उत्तर लगेच लिहू नकोस. दोघांनी एकच शंका काढली असेल तर आधी तिला आकड्यासह उत्तर दे: ‘वाक्यांचा यादृच्छिक घटक घालून पुन्हा मोजलं, गुणक इतका आला.’ ‘अंतिम आवृत्तीत करू’ या वाक्यानं गुण वाढत नाहीत. एखाद्यानं पेपर न वाचताच लिहिलंय हे दिसलं तरी त्याला पानाचा आणि तक्त्याचा क्रमांक दे, टोमणा नको. तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून सांगतोय.

पोस्टर मिळालं तर हिरमुसू नकोस. या कामाला ते भाषणापेक्षा बरं, बारा मिनिटांत लांबी आणि तुकड्यांचा हा गुंता उलगडत नाही. ए-शून्य म्हणजे ८४१ × ११८९ मिलिमीटर, पण उभं की आडवं ते आयोजकांच्या सूचनेतून बघूनच छापायला दे. मधोमध एकच आलेख ठेव: आडव्या अक्षावर सरप्रायझल, उभ्यावर वाचनवेळ. पेपरचे परिच्छेद चिकटवू नकोस, उभ्यानं कोणी वाचत नाही.

बेरजेचे नवे आकडे आले की तक्ता दोन पाठव, गोषवारा मग बघू.

तुझा,
अनिकेत