जुरजानच्या शेखसाहेबांना

आदरणीय शेख अब्दुल काहिर जुरजानी यांस,

सादर सलाम.

१०७८ च्या सुमारास, कास्पियन समुद्राच्या आग्नेयेकडल्या जुरजानमध्ये तुम्ही देह ठेवलात. त्या नगराचे अवशेष आज इराणमधल्या गुंबदे काबूस शहरालगत आहेत. इतक्या शतकांनी एका मराठी बाईनं तुम्हाला जाहीर पत्र लिहावं, याचं कारण साधं आहे. तुम्ही अरबीचे व्याकरणकार आणि काव्यमीमांसक; अरबी कविता वाचायला मी तुमच्याकडून शिकले, आणि हे ऋण चार लोकांसमोर मानावं असं फार दिवस मनात होतं.

तुमची पहिली गाठ पडली ती 'शंभर आमिल' या चिमुकल्या पुस्तकातून. अरबी शब्दाच्या शेवटी उ, अ की इ, हे ज्या कारणांमुळे ठरतं ती शंभर कारणं तुम्ही मोजून मांडलीत. एक्क्याण्णव भाषेत ऐकून घ्यायची, सात नियमानं ओळखायची, आणि दोन अशी की जी वाक्यात शब्दरूपानं दिसतच नाहीत. आमच्याकडच्या मदरशांत, दर्से निज़ामी या तिथल्या पारंपरिक अभ्यासक्रमाच्या सुरुवातीच्या वर्षांत, मुलं आजही त्या पुस्तकावरची टीका घोकतात. मीही घोकली. ती न दिसणारी दोन कारणं मला तेव्हापासून फार आवडतात.

पण खरे आभार मानायचे आहेत ते 'दलाइलुल इजाज़' आणि 'असरारुल बलागा' या दोन ग्रंथांसाठी. कुराणाची वाणी अलौकिक का, हा तुमच्या काळातला जिव्हाळ्याचा वाद होता. शब्द गोड म्हणून, असं म्हणणारे पुष्कळ होते. तुम्ही कुराणातली महाप्रलयाची आयत, म्हणजे वचन, घेतलीत. 'हे धरती, तुझं पाणी गिळ. हे आकाशा, थांब.' आणि विचारलंत, यातला 'गिळ' हा एकच शब्द उचलून बाजूला ठेवला, तर त्याचं तेज उरतं का? मग एकेक धागा दाखवलात. धरतीला हाक मारली, हाकेपाठोपाठ आज्ञा दिली, पाणी 'तुझं' म्हणून तिच्याच पदरात घातलं, नंतर आकाशाला त्याच्या स्वभावाला साजेशी आज्ञा केली, आणि शेवटी 'पाणी ओसरवलं गेलं' असं कर्मणी क्रियापद आणलं, म्हणजे आज्ञा देणारा कुणीतरी आहे हे आपोआप कळावं. या गुंफणीला तुम्ही 'नज़्म' म्हणालात. शब्दांमधलं व्याकरणाचं नातं नेमकं साधणं, हीच तुमची नज़्मची व्याख्या. व्याकरणाला इतका मान दिलेला मी दुसरीकडे वाचला नव्हता.

मक्केजवळच्या मिनातून परतणाऱ्या हाजींवरच्या एका जुन्या अरबी कवितेतल्या त्या ओळींबद्दल तर किती आभार मानू! विधी उरकले, उंटांवर सामान चढलं, सकाळी निघणारा संध्याकाळी निघणाऱ्यासाठी थांबेना. आम्ही आपसांत गोष्टींची टोकं धरली आणि खोरी उंटांच्या मानांनी वाहू लागली. नवव्या शतकात इब्न कुतैबा या अरबी लेखकानं या ओळींवर शेरा मारला होता की शब्द सुरेख आहेत, अर्थ शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. तुम्ही त्याच ओळी पुन्हा समोर ठेवल्यात. वाहणं उंटांकडे न देता खोऱ्यांकडे दिलंय, हे दाखवलंत. उंट खोऱ्यातून वाहत गेले असं म्हटलं असतं तर चित्र बेताचं राहिलं असतं. इथे अख्खं खोरंच चालू लागतं. आणि माना का? तर उंटाची चाल जलद आहे की संथ, ते मानेवरून कळतं म्हणून. तुम्ही उंट नीट पाहिले होते, शेखसाहेब, आणि वाक्यही तितक्याच निरखून पाहत होतात. 'गोष्टींची टोकं' धरण्यात घरी परतणाऱ्यांचा मोकळा जीव आहे, अर्धवट सोडलेल्या गप्पा आहेत. हे तुमच्याबरोबर वाचल्यावर मला त्या चार ओळी कधीच रिकाम्या वाटल्या नाहीत.

कुराणातल्या वृद्ध पैगंबर ज़करियाच्या तोंडचं 'डोकं पांढऱ्या केसांनी पेटलं' हे वाक्य लोक नुसतं रूपक म्हणून वाखाणत. तुम्ही म्हणालात, रूपक आहेच, पण पेटणं केसांकडे न देता डोक्याकडे दिलंय, ते आधी बघा. 'घरात आग पेटली' म्हटलं तर ती एका कोपऱ्यातही असू शकते. 'घर आगीनं पेटलं' म्हटलं की काही शिल्लक राहत नाही. मराठीत हा फरक तसाच्या तसा उतरतो, आणि भाषांतराला बसले की कर्त्याच्या जागी कोण बसलंय हे मी आता सगळ्यात आधी पाहते. ही सवय तुम्ही लावलीत.

'त्याच्या चुलीची राख पुष्कळ' म्हणजे तो दाता. 'ती दिवस वर येईपर्यंत झोपते' म्हणजे घरात राबायला नोकरचाकर आहेत. शब्दातून एक अर्थ, आणि त्या अर्थातून पुढचा अर्थ. याला तुम्ही 'अर्थाचा अर्थ' म्हटलंत. आम्ही शाळेत अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकतो, त्यामुळे हे प्रकरण वाचताना मला घरच्यासारखं वाटलं. तुमच्याच शतकात काश्मिरात संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मट याच प्रश्नांवर लिहीत होता. तुम्हा दोघांना एकमेकांचं वाचायला मिळायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

चरित्रकार सांगतात की तुम्ही जुरजान सोडून कुठे गेला नाहीत. बगदादच्या परंपरेतले थोर व्याकरणकार अबू अली फारिसी, त्यांचा भाचा तुमच्या गावात होता. तुम्ही त्याच्याकडे शिकलात, आणि मग लोक लांबून तुमच्याकडे येऊ लागले. काव्य आणि व्याकरण यांना हलकं लेखणारे तेव्हाही होतेच. 'दलाइल'ची सुरुवातच तुम्ही या दोहोंच्या बाजूनं उभं राहून केलीत, आणि सौंदर्य सुट्या शब्दात नसतं हे पुढे पानोपानी, वेगवेगळी उदाहरणं घेऊन, न थकता सांगत राहिलात. वाचणाऱ्याला पटेपर्यंत सोडायचं नाही, हा तुमचा बाणा मला फार लोभस वाटतो.

तुमचे ग्रंथ जपणाऱ्यांचेही इथेच आभार मानते: अल अज़हरमध्ये ते शिकवणारे मुहम्मद अब्दुह, ते कैरोत छापून काढणारे रशीद रिदा, १९५४ मध्ये इस्तंबूलहून 'असरार'ची चिकित्सक आवृत्ती काढणारे हेल्मुट रिटर. सध्या मी 'दलाइल'मधलं, वाक्यातून शब्द गाळण्याबद्दलचं प्रकरण पुन्हा वाचते आहे. न बोलणं बोलण्यापेक्षा जास्त सांगून जातं, ही जादूसारखी गोष्ट आहे, असं तुम्ही तिथे म्हणता. त्यातल्या कवितांचं मराठी करायला घेतलं आहे.

तुमची ऋणी,
एक मराठी वाचक