अंबडच्या काका, तुमच्या त्या बाणाबद्दल आभार

काका, सादर नमस्कार.

वाकणारं कॉपर क्लॅड (सर्किट बनवायची, तांबं चढवलेली प्लास्टिक फिल्म) नाशिकमध्ये सुटं मिळवणं म्हणजे काय दिव्य असतं, ते घरी सर्किटं करणाऱ्यांनाच ठाऊक. "अख्खा रोल घ्या, नाहीतर राहू द्या," हे उत्तर ठरलेलं. एका दुकानदाराने तर पॉलिइमाइड (सोल्डरिंगची उष्णता सोसणारं प्लास्टिक) म्हणून पिवळसर पॉलिस्टर गळ्यात मारलं. रंगावर जाऊन उपयोग नाही. ३५० अंशांचं सोल्डरिंग आयर्न कोपऱ्याला टेकवलं की पॉलिस्टर वितळून गोळा होतं, पॉलिइमाइड जसंच्या तसं राहतं. दुकानात एवढं बघू द्यायचीही त्याची तयारी नव्हती.

तुम्ही मालकांना विचारून भंगारात जाणाऱ्या कडेच्या पट्ट्या वजनावर दिल्यात, वर पावतीही केलीत. २५ मायक्रॉनची फिल्म, एका बाजूला १८ मायक्रॉन तांबं. मनगटावरच्या सेन्सरला किंवा एलईडीच्या पट्टीला याहून जास्त काय लागतं?

पण आभार मानायचे आहेत ते बाणाचे. पट्ट्या कापण्याआधी तुम्ही प्रत्येक तुकड्यावर मार्करने रोलिंगची दिशा दाखवलीत. लाटलेल्या तांब्याचे कण त्या दिशेला लांबट झालेले असतात. ट्रॅक, म्हणजे सर्किटमधल्या तांब्याच्या रेघा, त्याच दिशेने नेले आणि घडी आडवी पाडली तर ते खूप टिकतात. उलट झालं की घडीवर बारीक चिरा पडतात. छोटा तुकडा हातात आल्यावर ही दिशा नुसतं बघून सांगणं कठीण. आणि बाण काढलात तोही मागे, फिल्मवर! तांब्यावर काढला असता तर मार्करच्या शाईने फेरिक क्लोराइड (नको ते तांबं खाऊन टाकणारं द्रावण) अडवलं असतं आणि बाणाएवढं तांबं सर्किटमध्ये तसंच उरलं असतं.

हे कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे वेगळे पैसेही मिळणार नव्हते. माल पुढे ज्याच्या हातात जाणार त्याची अडचण आधीच ओळखून काम करणारी माणसं भेटली की फार बरं वाटतं, काका. अशी माणसं अजून आहेत म्हणून घरच्या टेबलावर काहीतरी उभं राहतं.

हे पत्र वाचून कुणी असा माल घेतलाच तर एवढं सांभाळा. एचिंगला, म्हणजे नको ते तांबं काढायला द्रावणात, टाकताना तुकडा चारही कडांनी अ‍ॅक्रिलिकवर चिकटवा, नाहीतर तो फडफडतो आणि ट्रॅक असमान खाल्ले जातात. ट्रॅक झाकणारा टोनर (लेझर प्रिंटरची शाई) नंतर थिनरने काढा. कॉस्टिक सोडा नको, तो पॉलिइमाइडच खातो. ही फिल्म हवेतला ओलावा शोषते, म्हणून सोल्डरिंगआधी १२० अंशांवर तासभर तापवा, नाहीतर आयर्न लागताच फोड येतात. घडीवर सोल्डर नकोच. पार्ट बसतो तिथे मागून ग्लास इपॉक्सीचा तुकडा चिकटवला की जोड हलत नाही.

काका, ३५ मायक्रॉन तांब्याच्या पट्ट्या कधी निघाल्या तर बाजूला ठेवाल का? मोटारीला जास्त करंट लागतो, तिथे १८ चे अरुंद ट्रॅक तापतात. भाव तुम्ही म्हणाल तो.