राज्य मानांकनाचा खोटा दावा करून सेवा विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

महोदय,

आमची शाळा खेड्यातली आणि लहान. विशेष शिक्षक किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ स्वतःचा नेमणे आम्हाला परवडत नाही, म्हणून तुमच्या प्रादेशिक सहाय्य केंद्राशी वार्षिक करार केला. स्वस्त पर्याय होते. तरी तुम्हाला निवडले, कारण माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर 'राज्य मानांकनप्राप्त' असे ठळक छापले होते.

मानांकनाची प्रत मागितल्यावर हाती आले ते आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानके ठरवणारी संघटना) 21001 चे प्रमाणपत्र. 2018 मध्ये आलेले हे मानक शैक्षणिक संस्थेच्या व्यवस्थापन पद्धतीपुरते आहे. प्रमाणपत्र बाहेरची प्रमाणन संस्था देते, खुद्द आयएसओसुद्धा देत नाही. यात राज्य शासन आले कुठून? शिवाय ते तुमच्या मुख्य कार्यालयाचे आहे, आमच्या भागातल्या केंद्राचा त्यात उल्लेखही नाही. दुसरा कागद कंपनी नोंदणीचा. नोंदणी काय, कुठल्याही दुकानाची असते.

त्याच माहितीपत्रकात अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा दाखला तुम्ही मोठ्या अभिमानाने दिला आहे. शाळांना अशाच सहाय्य सेवा पुरवणाऱ्या तिथल्या प्रादेशिक शिक्षण संस्था 1974 च्या कायद्याने उभ्या राहिल्या आणि त्यांना मानांकन देते ते राज्य शिक्षण मंडळ, पथकाने जागेवर येऊन तपासणी केल्यावर. उणिवा राहिल्या तर मानांकन सशर्त मिळते. तुमच्या केंद्रात असे कोणते पथक येऊन गेले, ते कळवावे.

तुमचे प्रतिनिधी म्हणतात, "प्रक्रिया सुरू आहे, मिळाल्यातच जमा समजा." आम्ही तसे समजूही, पण तुमच्या तज्ज्ञांच्या अहवालांवर आम्ही मुलांचे वैयक्तिक शिक्षण आराखडे बेतले आहेत. उद्या ते अहवाल ग्राह्य धरले गेले नाहीत, तर पालकांना तोंड आम्हाला द्यायचे आहे, तुमच्या प्रतिनिधींना नाही.

शिक्षक प्रशिक्षण चांगले झाले, त्याबद्दल तक्रार नाही आणि त्याचे पैसेही परत मागत नाही. विशेष शिक्षण व वाचा-उपचार सेवांचे शुल्क मात्र परत करावे. मानांकन खरेच असेल तर कोणत्या सेवांसाठी, कोणत्या केंद्राला आणि कधीपर्यंत, हे सांगणारे राज्याचे पत्र पाठवावे. नसेल तर तो दावा माहितीपत्रकातून ताबडतोब काढावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. या पत्राची प्रत शिक्षण विभागाकडे पाठवत आहोत.

आपला,
मुख्याध्यापक
(शाळा व्यवस्थापन समितीच्या वतीने)

सोबत: करार, माहितीपत्रक आणि तुम्ही दिलेल्या दोन्ही कागदांच्या प्रती