चेन लॉक देणाऱ्या त्या दोघांना थँक्यू

परवा रात्री हायवेवर माझ्या बाईकच्या चेनचं लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) उडालं, चेन रस्त्यावर, आणि तुम्ही दोघं आपणहून थांबलात, नावं विचारायची राहूनच गेली राव. टूलकिटमध्ये एक्स्ट्रा लॉक, तेही माझ्याच 520 साइजचं, नशीबच म्हणायचं! लॉकवरची क्लिप (एक बाजू बंद, एक उघडी) मी उलटी बसवत होतो तर दादा म्हणाले, बंद बाजू चेन पळते त्या दिशेला ठेव, नाहीतर परत उडेल (आधीचं त्यामुळेच उडालं असणार, लावलं मीच होतं). दुसरे फोटोग्राफीवाले, ताऱ्यांचे फोटो काढायला आणलेल्या ट्रायपॉडवर टॉर्च बांधून तासभर उभे, त्यांचे फोटो राहिलेच. आणि हो, ग्रीसचे हात पुसायला दिलेला रुमाल अजून माझ्याकडेच आहे.