आम्हाला सभेत बोलायलाही शिकवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागणी आधी लिहिते, हकीकत नंतर. घरच्या आजारी किंवा अपंग माणसाची काळजी घेणाऱ्यांसाठी जी प्रशिक्षणं होतात, त्यांत सभेत मुद्दा मांडणं, नियम वाचणं, लेखी मागणी करणं आणि तिचा पाठपुरावा करणं हेही शिकवावं. आणि प्रशिक्षणाच्या वेळात घरी त्या माणसाजवळ थांबायला कोणीतरी मिळावं. ती सोय प्रशिक्षणाचाच भाग धरावी.

हा क्रम मला शिकवला गेला आहे. पूर्वी मी उलटीकडून सुरुवात करायचे.

आपल्या रविवारच्या पुरवणीत काळजीवाहूंच्या प्रशिक्षणावर लेख आला होता. रुग्णाला कुशीवर कसं वळवायचं, औषधांच्या वेळा कशा लिहून ठेवायच्या, स्वतःचा ताण कसा हलका करायचा. सगळं उपयोगाचं. कुशीवर वळवायची रीत वेळेवर कळती तर माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींची कंबर शाबूत राहिली असती. पण अख्ख्या लेखात आम्ही घराबाहेर एकदाही पडलो नाही. (‘काळजीवाहू’ म्हटलं की मला काळजीवाहू सरकारच आठवतं. कारभार सगळा बघायचा, धोरण मात्र ठरवायचं नाही. शब्द इतका चपखल बसेल, हे तो योजणाऱ्याच्याही मनात नसेल. आमच्या स्वमदत गटात आम्ही ‘शुभंकर’ म्हणतो, आणि ज्याची काळजी घ्यायची तो ‘शुभार्थी’.)

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. 22 वर्षं झाली. तो जिथे उपचार घेतो तिथल्या समितीने सहा वर्षांपूर्वी रुग्णांच्या घरच्यांना बोलावलं होतं. माझा प्रश्न साधा होता. त्याचा डोस दोन वर्षं बदललेला नव्हता, तरी औषध एकाच महिन्याचं मिळायचं आणि दर वेळी त्यालाही सोबत न्यावं लागायचं. गर्दीत त्याला ऐकू येणारे आवाज वाढतात. तीन तास रांगेत काढले की पुढचे दोन दिवस तो खोलीबाहेर येत नसे. हे सांगायला मी गेले आणि सुरुवात केली ती तो कॉलेजात होता तिथपासून. शेजारी बसलेल्या बाईंनी नंतर सांगितलं, अकरा मिनिटं बोललात. मधे रडलेही. कोणीतरी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. अध्यक्ष म्हणाले, “फार हृदयस्पर्शी,” आणि पुढचा विषय पुकारला.

पुढे खटपट करून त्या सभेचं इतिवृत्त मिळवलं. आमच्याबद्दल त्यात एकच ओळ होती: ‘नातेवाइकांनी आपले अनुभव कथन केले.’ औषधाचा उल्लेखसुद्धा नाही. रात्रभर चरफडले. सकाळी लक्षात आलं की लिहिणाऱ्याची तरी काय चूक? ‘तीन महिन्यांचं औषध एकदम द्या’ हे वाक्य मी त्या अकरा मिनिटांत उच्चारलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी आमच्या गटातल्या बारा जणांनी एका गृहस्थांना गाठलं. उभं आयुष्य कामगार चळवळीत गेलेले. आजारातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि ते तसं सांगायचेही. आठ रविवार त्यांनी आमच्याकडून तालीम करून घेतली. मोबाइलवर दोन मिनिटांचा गजर लावून तो टेबलावर ठेवायचे. पहिल्या वाक्यात मागणी आली नाही की हात वर करून विचारायचे, “कशासाठी आलात?” बस, एवढंच. मग पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही मागताय ते नियमात आहे की त्यांच्या मर्जीवर आहे, हे घरून बघून या, असं बजावायचे. कारण नियमात असलेल्या गोष्टीसाठी आम्ही ‘कृपया’ आणि ‘मेहेरबानी’ करत बसायचो. मागणीच्या कागदाच्या दोन प्रती, आपल्या प्रतीवर पोच. उठण्यापूर्वी दोन वाक्यं म्हणायचीच: ‘याची इतिवृत्तात नोंद घ्या’ आणि ‘उत्तर कोणत्या तारखेला मिळेल?’

एका रविवारी त्यांनी एका बाईंना अधिकारी व्हायला सांगितलं. या बाई आठ वर्षं सासूबाईंचं सगळं अंथरुणात करत होत्या, गटात तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. खुर्चीत बसल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि समोरच्याकडे न बघता म्हणाल्या, “साहेब रजेवर आहेत. पुढच्या आठवड्यात या.” आम्ही हसून लोळलो. मग त्यांनी एकामागून एक असे काही नकार काढले की समोर उभे असलेले, एका स्वमग्न मुलीचे वडील, खरोखरच गप्प झाले. टेबलाच्या अलीकडे उभं राहून पलीकडचं सगळं बाईंना पाठ झालं होतं. ते त्यांना माहीत नव्हतं, आणि आम्हालाही.

बोलायला येऊ लागल्यावर दुसरी अडचण पुढे आली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. बोलायचं कोणाबद्दल? पहिल्या सभेत भावाची सगळी कहाणी मी त्याला न विचारता मांडून आले होते. अपंगांच्या चळवळीची घोषणाच आहे, ‘आमच्याविना आमच्याविषयी काही नको’, आणि घरच्यांनी परस्पर बोलण्याला तिथे होणारा विरोध रास्त आहे. दुसऱ्या सभेआधी मी भावाला विचारलं. तो म्हणाला, रांगेचं सांग, आवाजांचं सांग, आणि एका प्रसंगाचं नाव घेऊन म्हणाला, ते नाही. तो प्रसंग माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठी पुष्टी देणारा होता. मी तो सांगितला नाही. तो न सांगताही काम भागलं. दोन महिन्यांचं औषध एकदम मिळू लागलं आणि एका आड एक खेपेला त्याच्याशिवाय गेलं तरी चालू लागलं. मागितलं होतं तीन महिन्यांचं. पाठपुरावा चालू आहे.

हे काही आम्ही नव्याने शोधून काढलं नाही. ब्रिटनमध्ये मेरी वेबस्टर या धर्मोपदेशक बाईंनी आईवडिलांच्या आजारपणासाठी 1954 मध्ये काम सोडलं आणि 1963 मध्ये आपल्यासारख्या अविवाहित मुलींच्या ओढाताणीबद्दल वर्तमानपत्रांना पत्र लिहिलं. उत्तरांचा ढीग आला. त्यातून 1965 मध्ये संघटना उभी राहिली. पुढे 1976 मध्ये तिथे काळजी घेणाऱ्यांना भत्ता सुरू झाला, पण त्यातून विवाहित स्त्रियांना वगळलं होतं. ते त्यांचं घरचंच काम, असा हिशेब! आईसाठी नोकरी सोडलेल्या जॅकी ड्रेक यांनी दाद मागितली आणि 1986 मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात तर 1987 पासून विकासात्मक अपंगत्व (म्हणजे वाढीच्या वयातच सुरू होणारं, शरीराचं किंवा बुद्धीचं) असलेल्या लहान मुलांचे पालक आणि स्वतः असं अपंगत्व असलेली प्रौढ माणसं यांना एकत्र बसवून, दोन-दोन दिवसांच्या आठ सत्रांत, कायदे कसे होतात आणि लोकप्रतिनिधींपुढे मुद्दा कसा मांडायचा ते शिकवतात.

भारताच्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही केंद्रीय आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणांवर शुभंकरांच्या दोन-दोन प्रतिनिधींना जागा आहे. ज्यांना स्वतःला मानसिक आजार आहे किंवा होता, अशांनाही दोन जागा आहेत. खुर्ची आहे म्हणजे तीत बसून काय करायचं हे ठाऊक असतं असं नाही. उजव्या-डाव्या हाताला डॉक्टर आणि सचिव, समोर चाळीस पानांची कार्यक्रमपत्रिका. मी माझ्या छोट्या समितीतसुद्धा पहिल्या दिवशी शेवटच्या पानावरून वाचायला लागले होते.

धोका एक दिसतो. शिकलेल्या दोघी-तिघीच मग सगळीकडे जातात आणि त्यांचीच सवय सगळ्यांना होते, आयोजकांनाही आणि त्यांना स्वतःलाही. आमच्यात मी तशी होऊ लागले होते. आता ठरवलं आहे की सभेला जाताना एका नव्या माणसाला न्यायचं. पहिल्या खेपेला त्याने फक्त वही धरायची, पुढच्या खेपेला वही माझ्या हाती.

घरी थांबणाऱ्या माणसाबद्दल सुरुवातीला लिहिलं ते शिष्टाचाराचं नाही. बारापैकी आठही रविवार आलेले आम्ही सात जण. उरलेले पाच कंटाळून गळाले नाहीत. त्यांच्या घरी दुसरं माणूस नव्हतं. त्यांतल्या एकीने तीन तासिका फोन कानाला लावून ऐकल्या आणि मधेच “थांबा, ते उठले” म्हणून फोन ठेवला.

भावाने हे पत्र वाचलं आहे आणि त्यातली दोन वाक्यं गाळायला लावली आहेत. त्याच्यासाठीच नाव छापू नये. जागेअभावी काटछाट करावी लागली तर माझ्या पहिल्या सभेची हकीकत काढावी. वरच्या मागण्यांना हात लावू नये.

आपली,
एक शुभंकर
(नाव व पत्ता सोबत वेगळ्या कागदावर)