३७ सेकंद

चाकण, रविवार दुपार

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि तुम्ही "बरं, बरं" करत फोन आईकडे देता, हे मला कळत नाही असं समजू नका. म्हणून पत्र. आई, त्यांना वाचून दाखवू नकोस. चष्मा लावून त्यांचं त्यांना वाचू दे.

तब्येत बरी आहे. पहाटे पावणेसहाला कंपनीची बस येते, साडेसहाला पहिली पाळी. तळेगाव चौकात अडकलो की ड्रायव्हर मामांच्या तोंडून जे ऐकायला मिळतं ते इथं लिहीत नाही. कॅन्टीनचं जेवण पोटभर, आमटी पातळ. सेफ्टी शूजनी पहिले पंधरा दिवस टाचा सोलल्या, आता घट्टे पडलेत.

प्रेस शॉपच्या, म्हणजे जिथं पत्रे दाबून गाडीचे भाग काढतात त्या विभागाच्या, दारावर ८५ डेसिबल आवाजाची पाटी आहे. कानात बोळे घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. पिवळे, स्पंजाचे, बोटांनी चुरगाळून कानात सरकवायचे, मग ते आत फुगतात. पहिल्यांदा घातले आणि एवढा धडधडाट एकदम लांब गेला. तिथंच मला तुमचे कान आठवले. तुमच्या मागांच्या कारखान्यात बत्तीस वर्षांत कुणी कापसाचा बोळासुद्धा दिला नाही.

पहिल्या आठवड्यात ट्रेनिंग होतं. एसीत बसून झोप यायला लागली होती, तेवढ्यात पडद्यावर एका मागाचा जुना, काळा-पांढरा फोटो आला. गाड्यांच्या कंपनीत माग कशाला? तर जपानच्या साकिची टोयोडा नावाच्या माणसानं १९२४ मध्ये असा माग पुरा केला की धागा तुटला की तो आपला आपण थांबायचा. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. पुढं त्याच्याच मुलानं टोयोटाच्या गाड्या काढल्या. काही बिघडलं की मशीननं स्वतःहून थांबायचं, याला ते 'जिडोका' म्हणतात. आमच्या लाइनवर डोक्याच्या वर एक दोरी असते तीही त्यातलीच. बोल्ट नीट बसला नाही, की ऑपरेटरनं ती ओढायची. दिवा लागतो, सुपरवायझर पळत येतो.

सरांनी विचारलं, माग कुणी प्रत्यक्ष बघितलाय का? माझा एकटीचाच हात वर. मी सांगितलं, आमच्याकडच्या साध्या मागाला उभा धागा तुटल्यावर थांबायची सोय नसायची, माझे बाबा चार मागांमध्ये फिरत तो नजरेनं धरायचे. सर म्हणाले, "नजरेनं? एवढ्या धाग्यांत?" त्या दिवशी मी दिवसभर जरा मिजाशीतच होते.

आता जे फोनवर सांगितलं नाही ते.

मला प्रोजेक्ट मिळालं ते डॅशबोर्ड जोडायच्या लाइनवर. नऊ स्टेशनं, नऊ माणसं. दर ७२ सेकंदांनी एक डॅशबोर्ड पुढं सरकतो. माझं काम म्हणजे स्टॉपवॉच घेऊन प्रत्येकाच्या मागं उभं राहायचं आणि तो कधी वाकतो, कधी चालतो, किती वेळ नुसता थांबतो, ते मांडायचं. सहाव्या स्टेशनवर हिंगोलीकडचा एक दादा होता, कॉन्ट्रॅक्टवर. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "ताई, घड्याळासाठी करू का रोजच्यासारखं करू?" बाकीचे मला बघून एकतर पळायला लागायचे, नाहीतर मुद्दाम रेंगाळायचे. हा तेवढा रोजच्यासारखा करायचा. डब्यातली मिरचीची चटणीही द्यायचा, आई, तुझ्यापेक्षा तिखट.

बोल्टची ट्रॉली उलट्या बाजूला आहे, ती इकडं घेतली तर दर वेळची सहा पावलं वाचतील, हे त्यानंच दाखवलं. "मग सांगितलं का नाही?" तर म्हणाला, सूचनेचा फॉर्म परमनंटवाल्यांना असतो. मी ट्रॉली हलवून घेतली, रॅक पुढं ओढला, वायरच्या क्लिपा आधीच मोजून ठेवायला लावल्या. नऊ जणांचं मिळून ५९८ सेकंदांचं काम ५६१ वर आलं. ३७ सेकंद वाचले. मला वाटलं, चला, माणसांची पायपीट कमी झाली.

बाबा, तुम्ही आता कागदावर भागाकार कराल, मला माहीत आहे. ५९८ भागिले ७२, आठाच्या वर, म्हणून माणसं नऊ. ५६१ भागिले ७२, पावणेआठाच्या जरा वर. म्हणजे आठ. हा भागाकार मी रिपोर्टात केलाच नव्हता. प्रेझेंटेशनला बसलेल्या साहेबांनी तो तोंडी केला. टाळ्या वाजल्या, गाइड सरांनी पाठ थोपटली. सोमवारी लाइनवर गेले तर आठच माणसं. सहाव्या स्टेशनचं काम पाचव्या आणि सातव्यात वाटून टाकलेलं. दादाला कॉन्ट्रॅक्टरनं परत बोलावून घेतलं होतं.

सरांना विचारलं. ते वाईट नाहीत, बाबा. म्हणाले, काढलं कुठं, कॉन्ट्रॅक्टर दुसरीकडं लावेल, आणि तू नसतं केलंस तर पुढच्या बॅचच्या कुणीतरी केलंच असतं. दोन्ही खरं असेल. पण रिपोर्टाच्या पहिल्या पानावर नाव एकट्या माझं आहे. ट्रॉली त्याची होती. त्याचा नंबर माझ्याकडे आहे, अजून लावलेला नाही. लावून म्हणू काय?

शेठनी माग विकले, तेव्हा तुम्ही घरात येऊन एवढंच म्हणालात, "माग गेले." ते भंगारात किलोच्या भावानं गेले, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. चार मागांना एक माणूस, तिथं नव्या, आडवा धागा धोट्याशिवाय नेणाऱ्या मागांवर किती कमी माणसं लागतील, हा हिशेब शेठना कुणीतरी करून दिला असणार. तो कारखान्यात येऊन गेला होता का? तुमच्या मागं उभा राहिला होता का? तुम्ही त्याला चहा पाजला असाल, तुम्ही कुणालाही पाजता. शेठ त्या दिवशी नक्की काय बोलले, तेही मला ऐकायचंय. इतकी वर्षं विचारलं नाही.

पत्ता घातलेलं पाकीट सोबत आहे. फोनवर नको, लिहूनच कळवा. नाहीतर मी पुढच्या शनिवारी रात्री स्वारगेटहून एसटी धरतेय, रविवारी पहाटे पोचेन, तेव्हा बोलू. आई, दाराला आतून कडी घातलीस तरी चालेल, मी तुझ्या फोनवर मिस्ड कॉल देते, त्यांना उठवू नकोस.

तुमची
धाकटी

ता. क. पाकिटात पिवळे बोळे आहेत, दोन जोड. आता त्यांचा उपयोग नाही हे मला कळतं. पण बाबा, बघा तरी कसे असतात ते.