चि. मनूस, राजूरहून

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मी ठेवला. नानांना मात्र सांगितलं की रेंज गेली. सरकारी वकील म्हणून तुझ्या नेमणुकीला दोन महिनेही झाले नाहीत, आणि मी म्हणून बसले, "मग आता आमच्याच विरुद्ध उभी राहणार का?" ग्रॅच्युइटीचा विषय मीच काढला होता. 1972 चा कायदा आम्हा अंगणवाडीच्या बायकांनाही लागू होतो असं सुप्रीम कोर्टाने 25 एप्रिल 2022 ला गुजरातच्या प्रकरणात सांगितलं, तो कागद शेवंताने लॅमिनेट करून देवाजवळ ठेवलाय. तू शांतपणे म्हणालीस, "आई, तुमच्यापैकी कुणाचं प्रकरण आलं तर मी साहेबांना सांगून ते दुसऱ्याकडे देईन." बरोबर बोललीस. मला टोचलं, ते माझं मी बघेन.

खरं तर जेवणाखाणाचं लिहायला बसले होते. कोर्टातलं बोर्ड, म्हणजे त्या दिवशीची प्रकरणं, संपेपर्यंत डबा उघडायचा नाही ही कुठली सवय? नानांचं पित्त घेतलंसच आहेस, निदान त्यांच्यासारखं उपाशी तरी राहू नकोस.

त्या शुक्रवारी तू सांगितलेली गोष्ट मात्र मनातून जात नाही. पंधरा वर्षांची पोर, पोटात 26 आठवड्यांचं, आणि 24 च्या पुढे गेलं की गर्भपातासाठी हायकोर्टाची पायरी चढावी लागते. पोरीचं नावगाव तू सांगितलं नाहीस, तेच योग्य. कोर्टाने अहवाल मागितला आणि सरकारी दवाखान्यात वैद्यकीय मंडळ बसावं म्हणून रात्री अकरापर्यंत डॉक्टरांना फोन लावत बसलीस. रविवार मध्ये असून सोमवारी सकाळी अहवाल कोर्टासमोर! मला इतकी वर्षं वाटायचं, सरकारी वकील म्हणजे पुढची तारीख मागणारा माणूस. राजूरच्या बाजारात त्या दिवशी मी भाजीवालीलासुद्धा सांगितलं, माझी लेक एजीपी आहे. तिने विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, सरकारची वकील. ती म्हणाली, मग आमच्या रेशनचं बघ म्हणावं.

पण दुसरं एक तू सहज बोलून गेलीस. विभागाकडून सूचना वेळेवर येत नाहीत, याचिकेवरचे परिच्छेदनिहाय अभिप्राय आदल्या संध्याकाळी मेलवर पडतात, त्यावरून रात्रीतून शपथपत्र बनवायचं, सकाळी अधिकाऱ्याची सही, की लगेच कोर्टात. मनू, ते आकडे बघत जा गं. सही अधिकाऱ्याची असते हे मला कळतं. पण न्यायमूर्तींसमोर उभं राहून सांगणार तू.

कुपोषणाचं प्रकरण असलं तर वजनं कोणत्या तारखेला घेतली ते विचार. काटा चालू होता का विचार. किती मुलं हजर होती विचार, कारण आईबापांबरोबर ऊसतोडीला, वीटभट्टीवर गेलेल्या लेकराचं मागच्याच महिन्याचं वजन पुढे उतरवलं जातं. मेळघाटाची 2007 ची याचिका मुंबईला किती वर्षं चालली बघ. प्रत्येक तारखेला कुणीतरी कागद दिलेच असतील ना? त्या प्रत्येक कागदाच्या तळाशी कुठेतरी एक सेविका बसलेली असते, गुडघ्यावर रजिस्टर घेऊन.

बघ, लागले शिकवायला. हायकोर्टातल्या वकिलाला दहावी पास आई कायदा सांगतेय. माफ कर. आकड्यांचं काही लिहायचं नाही असं ठरवूनच पेन उचललं होतं.

आता लिहिलंच आहे तर सगळंच लिहिते. हे नानांनाही ठाऊक नाही.

2004 चा पावसाळा. तू सातवीत होतीस, माझ्या रजिस्टरच्या रेघा तूच आखायचीस, लाल पेनने, पट्टी हलू न देता. तेव्हा सॅम-मॅम, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषण असं नव्हतं, कुपोषणाच्या श्रेण्या होत्या, चौथी सगळ्यात वाईट, आणि तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतली मुलं वाढली की वरून विचारणा यायची. वरच्या वाडीतला एक दीड वर्षाचा पोरगा साल्टर काट्याच्या झोळीत घातला, तर सहा किलो तीनशे. पर्यवेक्षिका बाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, या महिन्यात तुमच्याकडे फार झाली हो, परत बघा. मी परत बघितलं. सहा तीनशेच. मी सहा नऊशे लिहिलं. पोरगा तिसऱ्यातून दुसऱ्या श्रेणीत आला, माझ्या पेनने.

मग दोन महिने त्याला घरचं अंडं, शेवंताच्या गाईचं दूध, नाचणीची पेज. तुला वाटायचं मी गावभर उगाच फिरते. तो जगला. आता पिकअप चालवतो, राजूरच्या रस्त्यावर मी दिसले की हॉर्न वाजवून "मावशी" म्हणून हात करतो. मी हात वर करते, पण त्याच्याकडे बघत नाही. त्याची आई अजून सगळ्यांना सांगते, मावशीने पोराला वाचवलं.

तो एक आकडा तालुक्याला गेला, तिथून जिल्ह्याला. पुढे कुठल्या कागदात गेला, कुणी कुठे वाचून दाखवला, मला कसं कळणार. तू आखलेल्या रेघांत लिहिला होता, एवढं माहीत आहे.

याच्यावर फोनवर काही बोलू नकोस, नाना शेजारी असतात.

रविवारी फोन कर, मी ठेवणार नाही. शेवंताच्या कागदाचं विचारणार नाही. डिंकाचे लाडू संगमनेरच्या गाडीने पाठवतेय, पितळी डबा परत हवा, मागच्यासारखं नको. लाडू चोवीस आहेत, मी स्वतः मोजून भरलेत. पोचले की तूही मोज आणि कळव.

तुझी,
आई